मुंबई–नागपूर दीड तास. पोहरादेवी किती दूर?

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव देशभरातील बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी ही येथील मुख्य श्रद्धास्थाने. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि विदर्भाबाहेरच्या अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. या गावाच्या आसपास दिग्रस, दारव्हा, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा आणि वाशिम या बाजारपेठांतून कापूस, तूर, सोयाबीन, किराणा आणि कापडाच्या व्यवहारात असलेली जैन घराणी आहेत. त्यांचे आप्त मुंबई, पुणे, सुरत, बंगळूर येथे विखुरलेले. लग्नकार्य, प्रतिष्ठा महोत्सव किंवा आजारपण निघाले की पहिला प्रश्न हाच येतो की जवळचे विमानतळ कोणते आणि किती वेळ लागेल. उत्तरही ठरलेले असते, ‘नागपूर, मुंबईहून दीड तास.’

हे उत्तर खरे आहे, पण निघणाऱ्या माणसाला ते फारसे उपयोगी पडत नाही. दीड तास हा सांताक्रूझ आणि सोनेगाव या दोन धावपट्ट्यांमधला आहे; घराचा उंबरठा आणि पेढीची पायरी यांच्यामधला नाही. व्यापारी कुटुंबाचा हिशेब नेहमी दुसऱ्या प्रकारचा असतो. माल खरेदीच्या भावात कधीच पडत नाही. त्यावर हमाली, वाहतूक, तूट आणि व्याज चढते, आणि मगच पडतळ निघते. प्रवासाच्या वेळेचीही अशीच पडतळ काढावी लागते.

प्रथम ‘खरेदीचा भाव’ पाहू. मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर, वैमानिकाच्या भाषेत सुमारे ३७० सागरी मैल. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट ही प्रत्यक्षात एक कमान असते. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या लांबच्या मार्गावर ती नकाशात ठळक दिसते. मुंबई–नागपूरमध्ये तिचा बाक नगण्य आहे. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते. एअरबस किंवा बोइंगचे मध्यम आकाराचे विमान उंची गाठल्यावर ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते. या वेगाने ६८५ किलोमीटर पन्नास मिनिटांत संपायला हवेत. मग वेळापत्रकात दीड तास का?

कारण वेळापत्रकातील ‘सुटण्याची वेळ’ ही विमान जमीन सोडते ती वेळ नसते, तर ते आपल्या जागेवरून हलते ती असते. ‘पोहोचण्याची वेळ’ही चाके टेकल्याची नसून विमान ठरलेल्या जागी येऊन थांबल्याची असते. मधला वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात, रांगेत थांबण्यात, चढण्यात आणि उतरण्यात जातो. चढताना व उतरताना वेग पूर्ण नसतो. त्यात मुंबईची अडचण वेगळीच आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी उतरू पाहणाऱ्या विमानांना आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. विमान कंपन्या हा सारा उशीर आधीच गृहीत धरून वेळापत्रक छापतात. हिवाळ्यात वरच्या थरांत वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे मुंबईहून नागपूरला जाणारे विमान परतीच्या विमानापेक्षा किंचित लवकर पोहोचते.

आता नकाशावर मुंबई ते नागपूर अशी एक सरळ रेघ ओढावी. ती वाशिम जिल्ह्याच्या उत्तर भागातून, कारंजा लाडच्या अगदी जवळून जाते. म्हणजे पोहरादेवी परिसरातील माणूस मुंबईहून विमानाने निघाला की आपल्याच मुलखावरून उडून पुढे नागपूरला जातो आणि मग सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास मोटारीने मागे येतो. मुंबई ते पोहरादेवी हे सरळ अंतर सुमारे पाचशे किलोमीटर आहे; विमानाच्या वाटेने तो प्रवासी नऊशेहून अधिक किलोमीटर फिरतो. मुंबईचे दीड तासाचे उत्तर येथेच फसते.

पडतळ अशी निघते. पोहरादेवीहून दिग्रस, यवतमाळमार्गे नागपूर विमानतळ गाठायला साधारण चार ते साडेचार तास. देशांतर्गत उड्डाणासाठी दोन तास आधी पोहोचावे असे कंपन्या सांगतात. सामान देण्याची खिडकी बहुधा तासभर आधी बंद होते, म्हणून काटकसर केली तरी दीड तास धरावाच लागतो. उड्डाणाचा दीड तास. मुंबईत सामान मिळून बाहेर पडणे आणि भुलेश्वर, घाटकोपर किंवा बोरिवलीचे घर गाठणे यात आणखी दीड तास. एकूण नऊ तास, आणि यात रस्त्यातील चहा किंवा रखडलेले विमान धरलेले नाही. ज्या प्रवासाला लोक ‘दीड तासाचा’ म्हणतात त्यातील सात-साडेसात तास जमिनीवर जातात.

याच्या शेजारी समृद्धी महामार्ग ठेवून पाहण्यासारखा आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. हवाई अंतर ६८५ आणि जमिनीवरची सडक ७०१ हे आकडे शेजारी ठेवले की या रस्त्याच्या आखणीतील सरळपणा लक्षात येतो. अर्थात आमणे हे भिवंडीजवळ आहे आणि तेथून मुंबई शहर अजून बाकी राहते. कसारा घाटाच्या परिसरात सुमारे पावणेआठ किलोमीटरांचा बोगदा झाल्याने घाटातील जुनी कसरत संपली. वाशिम जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव येथे या मार्गावर चढता-उतरता येते. पोहरादेवीहून कारंजा साठ किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. त्या वाटेने सव्वा-दीड तास, कारंज्याहून आमणेपर्यंत विश्रांतीसह साडेसहा-सात तास आणि पुढे मुंबईत शिरायला तास-दीड तास, असे नऊ ते दहा तास होतात. विमानाच्या पडतळीत आणि या पडतळीत फार तर तासाभराचा फरक आहे, आणि चार माणसांचे कुटुंब असेल तर खर्चाचा फरक उलट्या बाजूने पुष्कळच मोठा.

नागपूरच्या जोडीला आता अमरावतीचे नाव आले आहे. बेलोरा येथील विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तेथे एटीआर ७२ हे पंख्याचे छोटे विमान येते. त्याचा वेग मोठ्या विमानाच्या तुलनेत कमी असल्याने नागपूरपेक्षा अंतर कमी असूनही उड्डाणाची वेळ पावणेदोन तासांच्या आसपास जाते. कागदावर हे विमान ‘हळू’ ठरते. तरीही मानोरा, कारंजा, मंगरूळपीर या पट्ट्यातील माणसाला बेलोरा अडीच-तीन तासांवर आहे, त्यामुळे सारा प्रवास सात-साडेसात तासांत आटोपतो. हळू विमान लवकर पोहोचवते, ही गोष्ट केवळ उड्डाणाची वेळ पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. अडचण एकच आहे. ही सेवा रोजची नाही, आणि लहान विमानात जागा मोजक्या. लग्नाची तारीख विमानाच्या वारावर बेतता येते; इस्पितळाची तारीख येत नाही.

या सगळ्यात रात्रीची रेल्वेगाडी मागे पडल्यासारखी वाटते, पण पेढीवरच्या जुन्या मंडळींनी तिला अजून सोडलेले नाही. विदर्भ एक्सप्रेससारखी गाडी बडनेरा, मूर्तिजापूर किंवा अकोल्याहून धरली की रात्र प्रवासात जाते आणि सकाळी मुंबई. तास मोजले तर ती सर्वांत संथ. कामाचे तास मोजले तर तिच्यात जवळजवळ एकही जात नाही.

वेळेचे हे गणित पोहरादेवीच्या संदर्भात करताना एक वेगळाच इतिहास समोर येतो. हे ज्या समाजाचे तीर्थ आहे, त्या समाजाचा पिढीजात व्यवसायच अंतर कापण्याचा होता. बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ देशभर नेत. लवणाच्या वाहतुकीवरूनच ‘लमाण’ हे नाव पडले असे मानले जाते. या व्यवसायाला ‘लदेणी’ म्हणत. परंपरेनुसार १५ फेब्रुवारी १७३९ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात जन्मलेले सेवालाल महाराज स्वतः अशा तांड्यातले. त्यांचे जीवन गुरे, लदेणी आणि वाटचालीतच गेले आणि समाधी मात्र येथे झाली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तरेत एक तांडा भेटला होता, त्यात त्याने चौदा हजार बैलांची नोंद केली आहे. तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नाही, असेही तो लिहितो. माल उतरवून बैल चरायला सोडावे लागत. बैलाचे पोट हाच त्या वाहतुकीचा इंधनखर्च होता.

दिवसाला दहा-अकरा किलोमीटर हा वेग धरला तर नागपूर–मुंबईच्या अंतराला सत्तर-ऐंशी दिवस लागतात. एवढ्या काळात भाव बदलत, पाऊस येई, राज्येही बदलत. म्हणून त्या काळचा व्यापार वेगावर नव्हे तर विश्वासावर उभा होता. गावच्या शेटजीने माल तांड्याच्या नाईकाच्या हवाली करायचा आणि पुढच्या हंगामात हिशेब घ्यायचा. हुंडी हा व्यवहारही याच गरजेतून पक्का झाला. पैसा अंतर कापत बसू नये म्हणून कागद पुढे पाठवायचा. कारंजा ही त्या काळची संपन्न बाजारपेठ. एका सावकाराने उंटांवरून आलेली सारी कस्तुरी विकत घेऊन वाड्याच्या बांधकामात घातली, ही कस्तुरीच्या हवेलीची कथा तेथे आजही सांगितली जाते. कथेतील अतिशयोक्ती सोडून दिली तरी एक गोष्ट उरते. दूरचा माल ज्या गावात येऊन थांबतो आणि विकत घेतला जातो, त्या गावाची ऐपत कशी असेल याची ती आठवण आहे.

मग १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी ती उत्तरेकडून गेली. सत्तर दिवसांचे अंतर एकदम दीड-दोन दिवसांवर आले, आणि लदेणीला काम उरले नाही. जे लोक अंतराचे स्वामी होते त्यांना रोजगारासाठी जंगलकाठ आणि शेतमजुरी धरावी लागली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच अनेक भटक्या जमातींप्रमाणे त्यांच्या वाट्याला आला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा गेला. व्यापाऱ्यांचे काय झाले? त्यांच्या पेढ्या स्टेशनाच्या गावी सरकल्या. अकोला आणि अमरावती कापसाच्या पेठा म्हणून वाढल्या. कारंजा मुख्य मार्गावर आले नाही. पुढे यवतमाळ–मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरांची अरुंद रूळांची गाडी दारव्हा, कारंजामार्गे झाली, जिला लोक मायेने ‘शकुंतला’ म्हणू लागले. ती कापसासाठी आखली गेली होती आणि अखेरपर्यंत आपल्या संथ चालीने चालली. वाहतुकीचे साधन बदलले की वाहणारा बुडतो आणि विकणारा स्थलांतर करतो, हा त्या शतकाचा अनुभव होता. आज समृद्धीच्या चढउतारांच्या जागी जमिनींचे भाव बोलले जातात तेव्हा मोंढ्यातल्या जाणत्यांना तो आठवल्याशिवाय राहत नाही.

विमानाच्या बाबतीत महाराष्ट्रातील जैन समाजाचे नाते केवळ प्रवाशाचे नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. देशातील विमाननिर्मितीचा पाया तोच. त्याआधी १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून इंग्लंडला गेली होती. बोट, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी हात घातला. नागपूरचेही एक स्थान या इतिहासात आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून सुटलेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या गावी परतत. देशाच्या मधोमध असण्याचा लाभ नागपूरला असा मिळाला. विदर्भातल्या पेढीची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती!

श्रावकाच्या दृष्टीने मात्र अंतराचा प्रश्न वेळेपाशी संपत नाही. बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण कोठवर जाऊ याची मर्यादा श्रावकाने स्वतः आखून घ्यायची आणि त्या रेषेबाहेर व्यवहार करायचा नाही. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात ही मर्यादा कशाने सांगावी तेही दिले आहे: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने. म्हणजे सर्वांना ठाऊक असलेल्या खुणा. त्यात तास नाहीत. बैलगाडीने जा की विमानाने, नदी आपल्या जागी असते. आजच्या काळात ‘सकाळी जाऊन संध्याकाळी परत’ या भाषेत अंतर बोलले जाते, आणि दीड तासाच्या नागपूरइतकेच दोन तासांचे दिल्ली जवळ वाटू लागते. दिग्व्रताची भाषा या भ्रमात सापडत नाही.

या व्रताच्या अतिचारांत पहिला ऊर्ध्वव्यतिक्रम, म्हणजे वरच्या दिशेची मर्यादा ओलांडणे. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचे उदाहरण डोंगरावर चढण्याचे आहे, तर अधोदिशेचे विहिरीत उतरण्याचे. त्या काळी यापेक्षा वर जाण्याचा प्रसंगच नव्हता. आज मुंबई–नागपूर विमान सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून जाते, एव्हरेस्टपेक्षाही वर. व्रत घेताना पूर्व-पश्चिमेला ‘भारत’ किंवा ‘जंबुद्वीप’ म्हणून मोकळे होणारे अनेक जण ऊर्ध्व दिशेचा विचारच करत नाहीत. विमानाने नित्य फिरणाऱ्या व्यापाऱ्याने तो करायला हवा. क्षेत्रवृद्धी हा आणखी एक अतिचार: एका दिशेचे योजन कमी करून लाभाच्या दिशेला ते जोडणे. हिशेबाच्या वह्या पाहणाऱ्या आचार्यांशिवाय हे कोणाला सुचले असते, असे वाटावे इतके ते व्यापाऱ्याच्या स्वभावाला नेमके लागू पडते. आणि स्मृत्यंतराधान, म्हणजे आखलेली मर्यादाच विसरणे. तो तर आजचा सर्वांत सोपा अतिचार.

उपासकदशांगातील आनंद श्रावक वाणिज्यग्रामचा. नावातच व्यापार असलेले गाव. त्याने परिग्रहाचे परिमाण करताना दूरच्या वाहतुकीसाठी पाचशे गाड्या आणि जवळच्या कामासाठी पाचशे गाड्या, तसेच दोन्हींसाठी चार-चार नौका ठेवल्याचे वर्णन आहे. त्याने व्यापार सोडला नाही, वाहतूकही सोडली नाही. फक्त आकडा बांधून घेतला. दूर आणि जवळ यांचे वेगळे खाते ठेवण्याची त्याची पद्धत आजच्या मालमोटारींच्या धन्यालाही परकी वाटणार नाही. कारंज्याच्या शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांनी श्रावकधर्माच्या या परंपरेला मुद्रित रूप मिळण्यास मोठा हातभार लावला. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला ‘सावयधम्मदोहा’ हा अपभ्रंश ग्रंथ १९३२ साली कारंज्याच्या ग्रंथमालेतूनच प्रसिद्ध झाला. ज्या गावावरून आज मुंबईचे विमान जाते, तेथे हे काम झाले आहे.

साधू-साध्वींच्या वाटेला यातील कोणतेच गणित लागू नाही. दिवसाला वीस किलोमीटरांचा विहार धरला तर मुंबई ते नागपूर चाळीस दिवसांच्या आसपास होतात, आणि पावसाळ्याचे चार महिने तेही थांबते. १९७५ साली आचार्य सुशीलकुमारजी विमानाने परदेशी गेले तेव्हा समाजात मोठा वाद झाला होता. वाहन न वापरण्याचा नियम बहुसंख्य संघांनी आजही अबाधित ठेवला आहे. विहार करणाऱ्या साध्वी महामार्गाच्या कडेने चालताना वाहनांची झोत किती धोक्याची असते, हे स्थानिक संघांना सांगावे लागत नाही. समृद्धीवर पायी चालण्यास मज्जाव असल्याने विहाराच्या वाटा जुन्या रस्त्यांवरच राहिल्या आहेत, आणि मानोरा, कारंजा, शिरपूर या पट्ट्यात त्यांची मुक्कामाची सोय गावोगावच्या कुटुंबांकडेच असते.

वेगाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवाशांचा मृत्यू झाला. ताशी १२० किलोमीटरांची परवानगी असलेल्या सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागते. वेग जितका अधिक, तितका सावरण्याचा अवकाश कमी. व्यापाऱ्याच्या घरात रात्री दुकान मिटवून, तसेच चाकामागे बसून पहाटे मुंबई गाठण्याची सवय असते. वाचवलेला तासभर अशा वेळी फार महागात पडू शकतो, म्हणून दुसरा चालक सोबत घेणे किंवा जालना, छत्रपती संभाजीनगर परिसरात थांबा घेणे हे पडतळीत आधीच धरावे. हा रस्ता वाशिम जिल्ह्यात कारंजा–सोहोळ काळवीट अभयारण्याच्या परिसरातून जातो. वन्यप्राण्यांना ओलांडता यावे म्हणून महामार्गावर ठिकठिकाणी पूल आणि भुयारी मार्ग बांधले आहेत. जीवदयेचा विचार करणाऱ्या प्रवाशाला रात्रीऐवजी दिवसा निघण्याचे हे आणखी एक कारण आहे.

दिवसा निघण्यावरून चौविहाराचा मुद्दा येतो, आणि येथे भूगोल अनपेक्षितपणे घरात शिरतो. पूर्वेकडे प्रत्येक रेखांशाला सूर्य चार मिनिटे आधी मावळतो. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा रेखांशांचा फरक आहे, म्हणजे नागपूरचा सूर्यास्त मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी. हिवाळ्यात थोडा अधिक, उन्हाळ्यात थोडा कमी. पोहरादेवीचा साधारण वीस मिनिटे आधी. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो तेव्हा नागपुरात अंधार पडू लागलेला असतो. सायंकाळच्या विमानाने पूर्वेकडे निघालेल्याची संध्याकाळ अशी आखूड होते, तर नागपूरहून मुंबईला येणाऱ्याची लांबते. त्यात आणखी एक गंमत. दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज खाली गेलेले असते, त्यामुळे जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही दहा मिनिटांहून अधिक काळ तो विमानाच्या खिडकीतून दिसत राहतो. खिडकीतला हा सूर्य पाहून डबा उघडणे कितपत योग्य, हा प्रश्न अनेकांनी गुरुमहाराजांना विचारला असेल. काटेकोर मंडळींनी सोपी वाट धरली आहे. विमानतळावर सुरक्षातपासणी आटोपली की तेथेच, जमिनीवरचा सूर्य साक्षी ठेवून, खाकरा आणि थेपल्यांचा डबा संपवायचा आणि उकळलेले पाणी पिऊन पच्चक्खाण घ्यायचे. नवकारशीचेही तसेच. नागपूरहून पहाटे निघून मुंबईला उतरलेल्याने मुंबईचा सूर्योदय धरून अठ्ठेचाळीस मिनिटे मोजायची, घरून निघताना पाहिलेला नव्हे.

या साऱ्या गणितात लवकरच एक नवा आकडा येईल. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरांच्या नव्या रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत खुला झाला. हा मार्ग दारव्हा, दिग्रस, पुसदवरून जाणार आहे, आणि दिग्रस हे पोहरादेवीपासून हाकेच्या अंतरावर. लदेणी बंद पाडणारी रेल्वे दीडशेहून अधिक वर्षांनी लमाणांच्या काशीजवळ येते आहे.

तोवर चैत्रातील प्रवास आखणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोहरादेवीची मोठी यात्रा रामनवमीला भरते, म्हणजे चैत्र शुद्ध नवमीला. महावीर जन्मकल्याणक चैत्र शुद्ध त्रयोदशीला. कारंजा आणि शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला मुंबई-पुण्याहून येणारी कुटुंबे आणि पोहरादेवीला महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटकातून येणारे लाखो बंजारा भाविक एकाच आठवड्यात त्याच रस्त्यांवर असतात. मानोरा–दिग्रस मार्गावर त्या दिवसांत नकाशावरचा अर्धा तास दोन तासांचा होतो. नवमीच्या आदल्या दिवशी नागपूर गाठायचे असेल तर परतीच्या विमानाचे तिकीट सकाळचे घेऊ नये, आणि शक्य असल्यास मंगरूळपीरमार्गे शेलूबाजारला समृद्धी धरावी.